पलटणीचा पगार आणि जमिनीचा कागद

नाशिक शहरात दोन सरकारी संस्था अशा आहेत की, त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असे जाता-येता कोणाच्या मनातही येत नाही. एक, त्र्यंबक रस्त्यावरील पोलीस अकादमी. आणि दुसरी, आदिवासी विकास आयुक्तालय. पहिलीतून शिकून बाहेर पडणाऱ्या तरुण उपनिरीक्षकांपैकी कित्येकांची पाठवणी गडचिरोलीस होते. दुसरीच्या टेबलांवर त्याच गडचिरोलीतील आश्रमशाळांची, वसतिगृहांची आणि योजनांची कागदपत्रे पडलेली असतात. म्हणजे शासनाचे जे दोन हात आदिवासी मुलखात पोचतात, त्या दोहोंची मुळे आपल्याच गावात आहेत. यांपैकी कोणता हात आधी पोचला, कोणता मागाहून, आणि ज्याच्यासाठी हे दोन्ही हात पुढे झाले त्याच्या पदरात अखेर काय पडले, एवढेच आम्हांला येथे पाहावयाचे आहे.

'लष्करीकरण' हा शब्द हल्ली फार सैलपणे वापरला जातो, म्हणून त्याचा अर्थ आधी ठरवून घेतलेला बरा. देवळालीस तोफखान्याचे विद्यालय आहे आणि तोफांचा आवाज नाशिककरांच्या कानांना सरावाचा झाला आहे. त्याला कोणी लष्करीकरण म्हणत नाही, आणि म्हणूही नये. सैन्य आपल्या छावणीत आहे, आपण आपल्या घरात आहोत. परंतु रेशनकार्डाच्या किंवा जातीच्या दाखल्याच्या कामासाठीदेखील ज्या गावच्या माणसाला बंदूकवाल्याच्या दारावरून जावे लागते, ज्या गावात पाहुणा आला तर तो कोणत्या बाजूचा हे आधी विचारले जाते, आणि ज्या गावातील भुकेल्या पोराला मिळण्याजोगी एकुलती एक पगारी नोकरी बंदूक धरण्याची असते, त्या गावाचे लष्करीकरण झाले असे समजावे. तिसरी गोष्ट सर्वांत कमी बोलली जाते. आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तिचा इतिहास पाहावयास नाशिककरांना दूर जाण्याची गरज नाही.

१८१८ साली पेशवाई बुडाली, तेव्हा सह्याद्रीच्या आणि सातमाळ्याच्या रांगांतील महादेव कोळी आणि भिल्ल नाईकांचे जुने हक्कही तिच्याबरोबर डळमळले. घाट राखावा, वाट राखावी, किल्ल्याखालचा मुलूख सांभाळावा आणि त्याबद्दल ठरलेले धान्य वा नेमणूक घ्यावी, अशी ही व्यवस्था होती. ती काही मोठी न्यायाची होती असे नव्हे. पण तीत या माणसांना एक जागा होती. नव्या सरकारला ना त्या किल्ल्यांची गरज उरली, ना राखणदारांची. हक्क गेले तशी पोटे गेली, आणि खानदेशात भिल्लांचे दंगे सुरू झाले. बाहेरून फौजा आणून ते मिटेनात. तेव्हा माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन हे मुंबईचे गव्हर्नर असताना, १८२५ साली, जेम्स आउट्रम नावाच्या तरुण लेफ्टनंटाकडून भिल्लांचीच एक पलटण उभी करविण्यात आली. तिचे ठाणे धरणगावास होते. आउट्रमने भिल्लांबरोबर शिकारी केल्या, त्यांच्यात राहून त्यांचा विश्वास मिळविला, ही कथा इंग्रज लेखकांनी पुष्कळ रंगवून सांगितली आहे आणि ती खोटीही नाही.

मात्र योजनेचे दोन भाग होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. एका भागात पलटण होती. दुसऱ्या भागात भिल्लांसाठी वेगळे अधिकारी नेमून त्यांना जमिनी द्यावयाच्या, बैलांसाठी आणि बियाण्यांसाठी तगाई द्यावयाची, वस्त्या वसवावयाच्या, असे होते. म्हणजे बंदूक आणि नांगर ही दोन्ही औषधे एकाच वैद्याने एकाच वेळी लिहून दिली होती. त्यांपैकी पलटण पुढे १८९१ साली पोलीस दलात विलीन होईपर्यंत साठ-पासष्ट वर्षे टिकली. नांगराखालच्या जमिनी कर्जाच्या कागदांवर अंगठे उमटवीत उमटवीत सावकारांकडे गेल्या. इतक्या गेल्या की १९७०च्या दशकात शहाद्याकडे अंबरसिंग महाराजांना त्या परत मागण्यासाठी भिल्लांची चळवळ उभी करावी लागली, आणि आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४चा कायदा राज्याला करावा लागला. पलटणीचा पगार खजिन्यातून दर महिन्यास येतो, त्याला कोणी गहाण ठेवून घेत नाही. शेताला मात्र पाऊस लागतो, बी लागते, आणि हाती कागद नसला किंवा कागद वाचता येत नसला, तर शेत राहत नाही. बंदूक तातडीने गुण दाखविते म्हणून राज्यकर्त्यांना प्रिय होते, हे त्यातले मर्म आहे.

आता आपल्या अधिक जवळची हकीकत. अकोले तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे यांनी १८४४च्या सुमारास नगर, नाशिक आणि ठाण्याच्या डोंगरांत जे बंड केले, त्याचा रोख सरकारइतकाच सावकारांवरही होता. १८४८च्या आरंभी ते पंढरपुरास पकडले गेले आणि त्याच वर्षी २ मे रोजी ठाण्यास फाशी गेले. पुढे नऊ वर्षांनी भागोजी नाईक उभे राहिले. हे भिल्ल, आणि ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, ते आधी नगरच्या पोलिसांतच नोकरीस होते. १८५५ साली दंगलीच्या आरोपावरून त्यांना शिक्षा झाली. सुटून आल्यावर त्यांनी माणसे जमविली. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी सिन्नर तालुक्यातील नांदूर शिंगोट्याजवळ झालेल्या चकमकीत पोलीस अधिकारी हेन्री मारला गेला. भागोजी नाईकही १८५९च्या नोव्हेंबरात सिन्नर तालुक्यातच मिठसागरजवळ लढताना पडले. सरकारने ज्याला शस्त्र शिकविले, तोच शस्त्र घेऊन सरकारवर उलटला, हा प्रकार मुंबई-आग्रा रस्त्यावर वर सेंधव्याच्या घाटातही झाला होता. खाजा नाईक हे घाटाच्या पहाऱ्यावरचेच नोकर होते.

या बंडावर उपाय म्हणून सरकारने कोळ्यांची पलटण उभारली. कॅप्टन नटॉल याने १८५७च्या अखेरीस तिची भरती सुरू केली आणि तिची संख्या सुमारे ६००पर्यंत गेली. ज्या डोंगरात भिल्ल आणि कोळी शेजारीशेजारी नांदत होते, तेथे भिल्लांच्या पाठीवर कोळी सोडण्यात आले. पलटणीने कामगिरी चोख केली. डोंगरातील वाटा त्यांना ठाऊक होत्या, चपळाई अंगात होती, आणि घरी चूल पेटण्याइतका पगार मिळत होता. मग १८६१च्या मार्चमध्ये काम संपले, पलटण मोडली. थोड्या लोकांना पोलिसांत घेतले. बाकीचे आपल्या शेतमजुरीकडे परत गेले. १८८३ साली छापलेल्या नाशिकच्या गॅझेटियरात ही नोंद आहे, आणि शिपायांच्या जमिनीबद्दल त्या नोंदीत काही नाही.

परत गेले खरे; पण कशाकडे? १८६५ साली जंगलाचा पहिला कायदा झाला. १८७८ साली दुसरा, अधिक कडक झाला आणि राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या. राब भाजून नागली-वरई पिकविणारा माणूस रातोरात अतिक्रमणदार झाला. म्हणजे १८६० साली जो कोळी शिपाई कायद्याचा राखणदार होता, तोच पुढच्या वीस वर्षांच्या आत, आपल्याच डोंगरात, कायद्याचा गुन्हेगार ठरला. जोतीराव फुल्यांनी १८८३च्या 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकात जंगलखात्यावर जे कोरडे ओढले आहेत, ते याच काळातील होत. पुढचा १९२७चा वनकायदा स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला.

या कायद्यांची फळे आजही सुरगाणा आणि पेठ तालुक्यांत दिसतात. २०११च्या खानेसुमारीप्रमाणे नाशिक जिल्ह्यातील सुमारे चौथा हिस्सा लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. सुरगाणा-पेठ या तालुक्यांत तर शंभरांत नव्वदांहून अधिक. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल, ठाकूर, कातकरी असे हे लोक. पाऊस येथे धो धो पडतो आणि उतारावरून वाहून जातो. उन्हाळ्यात बायका झऱ्याची वाटी-वाटी उपसून हंडा भरतात. भाताचे नि नागलीचे पीक झाले की दिवाळीनंतर गाव रिकामे होऊ लागते. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत, वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर ही माणसे विखुरतात. गिरणाऱ्याच्या नाक्यावर सकाळी मजुरांचा बाजार भरतो, तेथे भाव पिकाचा होत नाही, माणसाच्या दिवसाचा होतो. ज्या शेतात तो माणूस आणि त्याचा बाप राबला, ते सरकारदप्तरी जंगल आहे. म्हणून त्यावर पीककर्ज नाही, विहीर नाही, नुकसानभरपाई नाही. या दारिद्र्याला आळस, अज्ञान वगैरे नावे शहरात बसून देणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एकदा सातबारा नसलेल्या शेतकऱ्याच्या नावाने बँकेत जाऊन पाहावे.

आपल्या जिल्ह्यात आज पलटण नाही, एवढे भाग्य. गडचिरोलीत ती होती आणि आहे. १९८०च्या सुमारास प्राणहिता-गोदावरीपलीकडून नक्षलवादी तेथे आले. तेंदूपानाच्या मजुरीचे दर, वनरक्षकांची दांडगाई, बांबूच्या ठेकेदारांची लूट असे प्रश्न होते, त्यांवर त्यांनी बोट ठेवले. बोट ठेवले म्हणून बंदूक न्याय्य ठरते असे आम्ही मानीत नाही. त्यांनी पुढे खबरे ठरवून ज्यांना मारले, ते बहुतेक माडिया आणि गोंडच होते. १९९० साली पोलिसांनी जिल्ह्यातील तरुण निवडून सी-६० हे पथक उभे केले. रान माहीत असलेला, भाषा जाणणारा, चपळ असा जवान हवा, हा आउट्रमचाच विचार. फक्त ठाणे धरणगावाऐवजी गडचिरोली. ऑक्टोबर २००९मध्ये लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. एप्रिल २०१८मध्ये कसनासूरच्या परिसरात ४० नक्षलवादी मारले गेले. १ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याच्या स्फोटात १५ जवान आणि त्यांचा वाहनचालक गेला. दोन्ही बाजूंच्या मृतांत आदिवासी घरांतील तरुण होते. पोलिसांच्या पगारावर घर चालविणारा आणि दलमच्या भाकरीवर रानात राहणारा, हे दोघे पुष्कळदा एकाच पट्ट्यातील, एकच बोली बोलणारे असतात, ही गोष्ट वर्तमानपत्रातील आकड्यांत दिसत नाही.

शेजारच्या बस्तरात तर याहून वाईट झाले. २००५ साली तेथे 'सलवा जुडूम' सुरू झाला. गावे उठवून छावण्यांत नेली गेली आणि आदिवासी पोरांना 'विशेष पोलीस अधिकारी' असे भारदस्त नाव देऊन, महिना तीन हजार रुपये मानधनावर, हाती बंदुका दिल्या गेल्या. शिक्षणाची अट पाचवीची! पाचवी शिकलेल्या मुलाला आपण कारकुनाची जागा देत नाही. पण माणूस मारण्याचा परवाना दिला. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती सुदर्शन रेड्डी आणि न्यायमूर्ती निज्जर यांच्या पीठाने, ही पद्धत घटनाबाह्य ठरविली. समतेच्या आणि जीविताच्या अधिकाराचा तीत भंग होतो, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वर्षी छत्तीसगड सरकारने नवा कायदा करून त्यांतील पुष्कळांना दुसऱ्या नावाच्या सशस्त्र दलात सामावून घेतले. सी-६०ची तुलना याच्याशी सरसकट करणे चूक होईल. तेथे रीतसर भरती आहे, शिक्षण आहे, निवृत्तिवेतन आहे. परंतु गरिबीतून बाहेर पडण्याची वाट बंदुकीच्या नळीतूनच जावी, हे दोन्हीकडे समान आहे.

गडचिरोली पोलिसांनी अलीकडे 'दादालोरा खिडकी' नावाची सोय केली. दाखले, योजनांचे अर्ज, भरतीची माहिती असे सर्व पोलीस ठाण्यातील एका खिडकीवर मिळू लागले. हजारो लोकांची कामे झाली, ती नाकारण्यात अर्थ नाही. तरी आम्हांला यात एक धोका वाटतो. जे तलाठ्याने, ग्रामसेवकाने आणि आयुक्तालयाच्या प्रकल्प कचेरीने करावयाचे, ते पोलिसाने केले म्हणजे पोलीस चांगला ठरतो, पण कचेरी मरते. आणि त्या खिडकीशी उभा राहिलेला माणूस रात्री आपल्या पाड्यात परत जातो, तेव्हा त्याला कोण काय विचारील याचा हिशेब त्यालाच करावा लागतो.

या बंदुकांच्या मुलखातच एक वेगळा दाखला आहे आणि तो आम्हांला फार मोलाचा वाटतो. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे काही शे वस्तीचे गोंडांचे गाव. २००६ साली वनहक्क कायदा झाला, त्यात दोन तऱ्हेचे हक्क आहेत: कसणाऱ्याला त्याच्या कसलेल्या जमिनीचा, चार हेक्टरांच्या मर्यादेत, आणि साऱ्या गावाला त्याच्या परंपरागत जंगलाचा. दुसऱ्या तऱ्हेचा हक्क मेंढ्याने मागितला. देवाजी तोफा हे गावचे पुढारी, आणि मोहन हिराबाई हिरालाल हे गावाबरोबर अभ्यास करणारे साथीदार. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर ग्रामसभेचा हक्क मान्य झाला. कागद मिळाला, पण बांबू विकावयाचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याचा. तेथे आणखी दोन वर्षे गेली. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. ते वाहतूकपास फाडण्याचे साधे पुस्तक होते! पण त्यामुळे बांबूचा भाव ठरविण्याचा अधिकार कागद गिरणीकडून आणि वनकचेरीकडून निघून गावच्या बैठकीत आला. पुढे जिल्ह्यातील कित्येक ग्रामसभा तेंदूपानाचे लिलाव स्वत: करू लागल्या. मजुरी किती, बोनस किती, हे गावात सर्वांसमक्ष वाचले जाऊ लागले. नक्षलवाद्यांनी जो प्रश्न बंदुकीने सोडवू म्हणून सांगितले होते, तो ग्रामसभेने हिशेबाच्या वहीने सोडविला.

ऑक्टोबर २०२५मध्ये माओवाद्यांच्या श्रेष्ठ पुढाऱ्यांपैकी एक, भूपती, यांनी सुमारे ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. युद्ध संपत आल्याची ही खूण असेल, तर आनंदाचीच गोष्ट. पण १८६१ची आठवण ठेवणाऱ्या माणसाला लगेच पुढचा प्रश्न सुचतो. एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा डोंगर आहे. तेथील माडियांचे ते देवस्थान आहे, आणि त्याच्या पोटात लोहखनिज आहे. ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा २००७ सालीच दिला गेला. डिसेंबर २०१६मध्ये तेथे नक्षलवाद्यांनी खाणीची वाहने जाळली, आणि नंतर पोलिसांच्या बंदोबस्तात काम वाढत गेले. खाणीत नोकऱ्या मिळतात, हे खरे. पण भोवतालच्या ग्रामसभांच्या जंगलहक्काचा निकाल खाणीच्या आधी लागतो की मागाहून, यावर पुढच्या तीस वर्षांची शांतता अवलंबून आहे असे आम्ही समजतो. पलटण उठल्यावर तिच्या पाठोपाठ जंगलाची हद्द आखणारा येतो, हे आपल्या डोंगरांनी एकदा पाहिले आहे.

नाशिकच्या लोकांनी काय मागितले, तेही येथेच नोंदवून ठेवू. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून किसान सभेचा मोर्चा मुंबईस निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील हजारो आदिवासी शेतकरी, त्यांत बायका पुष्कळ, सुमारे १८० किलोमीटर पायी गेले. ११ तारखेच्या रात्री ते मुंबईत थांबले असते आणि दुसऱ्या दिवशी उजाडता निघाले असते, तर शालान्त परीक्षेच्या मुलांची वाट अडली असती. म्हणून फोड आलेल्या पायांनी ते रात्रीच चालत आझाद मैदानावर पोचले. एकाही दुकानाची काच फुटली नाही. त्यांची मुख्य मागणी बंदुकीची नव्हती, फुकट धान्याचीही नव्हती; २००६च्या कायद्याने कबूल केलेल्या जमिनीच्या कागदाची होती. सरकारने लेखी आश्वासन दिले. २०२३च्या मार्चमध्ये त्याच वाटेने दिंडोरीहून पुन्हा निघावे लागले, यावरून आश्वासनाचे काय झाले ते समजते.

मग शहरातल्या माणसाने करावे काय? दिवाळीत पाड्यावर जाऊन जुने कपडे आणि फराळ वाटण्याची प्रथा नाशकात आहे. त्यात भावना चांगली असते. छायाचित्रेही चांगली येतात. हेमलकशाला १९७३पासून बाबा आमट्यांच्या घरच्यांनी दवाखाना चालविला आणि येणारा कोणत्या बाजूचा हे न विचारता उपचार केले, ती सेवेची फार वरची जात झाली. ती सर्वांना साधणारी नाही. परंतु साधण्यासारखे एक काम आहे. त्याला लिहिता-वाचता येणारा माणूस आणि काही रविवार एवढेच लागतात.

वनहक्काचा दावा आधी गावच्या वनहक्क समितीकडे जातो, तेथून ग्रामसभेत, मग उपविभागीय आणि जिल्हा समितीकडे. तो फेटाळला जातो तो बहुधा पुराव्यावाचून. म्हणून नियमांत पुरावा कशाला म्हटले आहे ते पाहण्यासारखे आहे. दंडाच्या पावत्या, मतदारयादी, रेशनकार्ड हे तर आहेच. शेताचा बांध, जुने घर, विहीर, मसणवट या जमिनीवरच्या खुणाही चालतात. दावा करणाऱ्याखेरीज गावातील दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाने सांगितलेली आणि लिहून घेतलेली हकीकतही चालते. म्हाताऱ्याच्या तोंडच्या शब्दाला कायद्याने कागदाची किंमत दिली आहे. आणि त्याच यादीत गॅझेटियरही आहे. ज्या पुस्तकात इंग्रजांनी कोळी पलटणीची हकीकत लिहून ठेवली, त्याच १८८३च्या पुस्तकातील मजकूर आज त्या शिपायांच्या पणतवंडांच्या दाव्याला जोडता येतो. जुन्या वाचनालयांत तो खंड मिळतो. पाड्यावरच्या माणसाला तो मिळत नाही, आणि मिळाला तरी इंग्रजी आहे. गावाचे नाव, तेथली वस्ती, पिके, जंगल यांविषयी त्यात जे असेल ते काढून, मराठीत उतरवून, समितीच्या सचिवाच्या हाती द्यावयाचे. म्हाताऱ्यांजवळ बसून त्यांचे जबाब लिहून घ्यावयाचे. अर्जाची पोच घेतली की नाही ते पाहावयाचे. दावा फेटाळला असेल तर कारण लेखी मागून मुदतीत अपील घालावयाचे. बोलावयाचे मात्र ग्रामसभेनेच. आपण लेखणी पुरविली की आपले काम झाले.

हे काम पावसाच्या आत केलेले बरे. रोहिण्या बरसल्या की सुरगाण्याकडे पेरणीची घाई सुरू होते, आणि मग दसऱ्यापर्यंत ग्रामसभेला गणपूर्तीपुरती माणसे जमत नाहीत.